जुन्या चादरींची बाळोती

आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्यांना सगळे पीळकाका म्हणायचे. कपडे पिळायचं भलंमोठं मशीन होतं, पण त्यातून निघालेली चादर ते पुन्हा एकदा हाताने पिळून बघायचे, आणि खाली थेंब पडला की मशीनकडे असं बघायचे, जणू तेच कामचुकार आहे. हे झालं नावाचं वरवरचं कारण. खरं कारण त्यांचा स्वभाव. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ. एकदा एखादी गोष्ट त्यांनी मनात धरली की ती त्यांच्या डोक्यातून काढायला कुणाच्या बापाला जमायचं नाही. नाव त्यांच्या तोंडावरच घ्यायचे सगळे, आणि त्यांना त्याचा रागही यायचा नाही.

मी तिथे शिवणाच्या मशीनवर होते. फाटलेल्या चादरी, उसवलेले गाऊन, तुटलेल्या नाड्या असं सगळं माझ्याकडे यायचं. पीळकाकांचं घड्या घालायचं टेबल माझ्या समोरच. त्यामुळे त्यांच्या घरचं जे काही मला कळलं ते घड्या घालता घालता कळलं. उरलेलं त्यांच्या मुलीने सांगितलं, बऱ्याच नंतर, एकदा मला भेटली तेव्हा.

माणूस काटकसरी होता. कंजूष म्हणणार नाही मी. कंजूष माणूस दुसऱ्यालाही देत नाही आणि स्वतःलाही घेत नाही. हे दुसऱ्याला द्यायचे. वॉर्डातल्या मावशीच्या मुलाचं दप्तर यांनीच घेऊन दिलं होतं आणि पुन्हा कधी त्याचं नावही काढलं नाही. पण वाया गेलेलं त्यांना बघवायचं नाही. साबणाचे झिजलेले तुकडे एकमेकांना चिकटवून त्यांचा नवा साबण करायचे. चपलांचे तळ इतक्यांदा बदललेले की मूळची चप्पल त्यात किती उरली आहे, हे चांभारालाच ठाऊक. डब्यातल्या भाजीचा रस्सा पोळीच्या शेवटच्या तुकड्याने असा पुसून घ्यायचे की तो डबा धुवायचीही गरज नाही, असं आम्ही म्हणायचो.

बायको लवकर गेली. मुलगी तेव्हा शाळेत होती. दुसरं लग्न कर म्हणून नातेवाईक मागे लागले, पण यांनी ऐकलं नाही. स्वयंपाक शिकले. मुलीच्या वेण्या घालायला शिकले, तेही कसंबसं. पोर शाळेत जायची तेव्हा एक वेणी कानाच्या वर आणि एक खांद्यापाशी. मैत्रिणी हसायच्या, पण घरी येऊन तिने बाबांना कधी ते सांगितलं नाही. यांनी तिला शिकवलं, कुठे कमी पडू दिलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली आणि एका वायरमनशी तिचं लग्न झालं. मुलगा चांगला, कष्टाळू. पण काम मोठमोठ्या इमारतींच्या साइटवरचं. आज या गावी, उद्या त्या गावी. राहायला पत्र्याची शेड.

म्हणून मुलीला दिवस गेले तेव्हा ती बाबांकडे आली. पीळकाकांनी खोलीला रंग दिला. खिडकीची कडी कधीपासून मोडकी होती, ती बसवली. लाँड्रीत आमच्याशी बोलताना उगाच विषय काढायचे, "लहान बाळाच्या अंघोळीला पाणी किती गरम लागतं हो?" माणूस खुशीत होता. इतकं खुशीत मी त्यांना ना आधी पाहिलं होतं, ना नंतर.

महिने भरत आल्यावर मुलगी त्यांना घेऊन बाजारात गेली. बाळाच्या सामानाचं दुकान होतं, चालवणारी एक जाडजूड, बोलकी बाई. झबली झाली, टोपडी झाली, मग मुलगी डायपरच्या फळीपाशी थांबली. तिने आधीच सगळं बघून ठेवलं होतं. वरच्या फळीवर मोठ्या कंपनीची महागडी पाकिटं. त्याखाली कुणी नावही न ऐकलेल्या कंपनीची, स्वस्त. एका बाजूला बटणांचे कापडी डायपर, आत घडी सरकवायची आणि धुऊन पुन्हा वापरायचे. ते घेताना महाग, पण पुढे वर्षभर पुरणारे. आणि खाली जमिनीवर एक पोतं उघडं ठेवलेलं, त्यात कारखान्यातून बाद झालेला सुटा माल. कुणाची पट्टी वाकडी, कुणाची एक बाजू आखूड. तो वजनावर मिळायचा.

"दिवसा कापडी वापरू," मुलगी म्हणाली, "आणि रात्री नि बाहेर जाताना हे मधले, स्वस्तातले. एक पाकीट नेऊन बघते. बाळाला सोसले तर पुढे हेच."

पीळकाकांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "वापरायचं आणि फेकायचं?"

"हो."

"म्हणजे पैसे कचऱ्यात टाकायचे. आणि तेही मुतात भिजवून."

दुकानदारीण खो खो हसली. पीळकाकांना त्याने आणखी जोर चढला. "अगं, बापाचा जन्म कपडे धुण्यात गेला आणि लेकीने लंगोट विकत घ्यायचे? लोक काय म्हणतील? मी आहे ना. एकसुद्धा तुला धुवावा लागणार नाही. शब्द देतो."

मुलीने पाकीट फळीवर परत ठेवलं.

"मी ते ठेवलं ना," तिने मला पुढे सांगितलं, "तेव्हा बाबांना वाटलं मला पटलं. मला काही पटलं नव्हतं. पाय सुजले होते, उभं राहवत नव्हतं. मला फक्त घरी जायचं होतं."

हॉस्पिटलच्या चादरी झिजून पातळ झाल्या की त्या बाद होतात. त्यांचा ढीग लागला की पुसायच्या फडक्यांसाठी विकतात, आणि आमच्यापैकी कुणाला हव्या असतील तर आधी विचारतात. पीळकाकांनी त्या ढिगात बसून एक एक चादर गालाला लावून पाहिली. खोटं नाही सांगत, गालाला लावली. निवडलेल्या सगळ्या त्यांनी उकळत्या पाण्यातून काढल्या, उन्हात कडक वाळवल्या, पुन्हा उकळल्या. मग चौकोन कापून माझ्याकडे घेऊन आले.

"ताई, शिवण बाहेरच्या अंगाने घ्या. आतून बाळाला टोचायला नको."

मी शिवून दिले. शिवताना हातालाच कळत होतं, असा मऊपणा नव्या कापडाला येत नाही. वर्षानुवर्षं धुतल्या गेलेल्या सुताचा तो मऊपणा होता. मला वाटलं, किती जीव आहे या माणसाचा.

घरी मुलीने ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. शिक्के असलेले कोपरे त्यांनी कापून टाकले होते, पण एक राहून गेला होता. त्यावर हॉस्पिटलच्या नावाची पुसट निळी अक्षरं.

"बाबा, या हॉस्पिटलच्या चादरी आहेत?"

"होत्या. आता बाळोती आहेत."

"यांच्यावर कोण कोण झोपलं असेल."

"जे झोपले ते बरे होऊन घरी गेले."

"सगळे?"

त्यांनी शिक्क्याचा तो कोपरा कात्रीने कापून टाकला. म्हणाले, "दोनदा उकळल्यात. डॉक्टरांचे कपडे एवढे उकळत नाहीत." मुलीने ती बाळोती कपाटात ठेवली. पुन्हा विषय निघाला नाही, म्हणून त्यांनी तोही होकारच धरला.

बाळ झालं ते ऑपरेशन करून. मुलगी झाली. घरात आता मुली दोन, एक हसणारी आणि एक रडणारी, असं पीळकाका पेढ्यांशिवायच लाँड्रीभर सांगत फिरले. मुलीच्या पोटाला टाके होते, उठताना कॉटचा दांडा धरून तोल सावरावा लागायचा. वाकणं तर लांबच.

आता कापडी लंगोटाचं असं असतं की बाळाने ओला केला की तो तेव्हाच बदलावा लागतो. नुसता लंगोट नाही, त्याखालचं दुपटं, कधी झबलंही. तान्हं बाळ किती वेळा ओलं करतं हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळत नाही. बाबांनी शब्द पाळला होता. पहाटे कामावर यायच्या आधी ते धुवायचे, संध्याकाळी जाऊन पुन्हा धुवायचे. एकही लंगोट त्यांनी मुलीला धुऊ दिला नाही. पण धुणं म्हणजे त्या कामाचा एक तुकडा. उठायचं, बाळाला उचलायचं, पुसायचं, बांधायचं, भिजलेलं बाजूला करायचं, आणि जरा पाठ टेकावी तोवर पुन्हा रडणं. हे सगळं टाक्यांसकट तिच्याच अंगावर होतं. ते त्यांना दिसत नव्हतं, कारण ते घरात असायचे तेव्हा हात पाण्यात आणि पाठ खोलीकडे.

घरभर दोऱ्या बांधल्या होत्या. गॅलरीत, खुर्च्यांच्या पाठींवर, खिडकीच्या गजांवर, सगळीकडे पांढरे चौकोन. खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "काका, गलबत सुटायचंय का तुमचं? एवढी शिडं उभारलीत ती." ते त्यांना इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी लाँड्रीत चार जणांना ऐकवलं.

मी रोज विचारायचे, "पोरगी कशी आहे?"

ते म्हणायचे, "बाळ मस्त आहे. अंग धरतंय."

मी पुन्हा विचारायचे, "अहो, तुमची पोरगी?"

"ती काय, बरी आहे," म्हणायचे आणि पुढची चादर ओढायचे.

मग आभाळ भरलं आणि भरलेलंच राहिलं. ऊन म्हणून पडेना. आमच्याकडे लाँड्रीत वाळवायचं मशीन असतं, घरी कुठलं? लंगोट दोन दोन दिवस दोरीवर लोंबकळत राहायचे आणि तरी हाताला गारच लागायचे. पीळकाका कामावरून जाऊन एकेकाला इस्त्री करत बसायचे. इस्त्रीच्या वाफेने खोलीत कुबट वास भरायचा. कापड वरून कोरडं वाटायचं, पण शिवणीत ओल राहायची. बाळाच्या जांघेत लाल चट्टे उठले. मग ते पसरले, आणि ओला लंगोट काढताना बाळ असं कळवळून रडायचं की मुलगीही बरोबर रडायची.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मलम दिलं आणि म्हणाल्या, "कापडी वापरा नाहीतर डायपर वापरा, माझं काही म्हणणं नाही. कोरडं ठेवा, ओलं झालं की लगेच बदला आणि थोडा वेळ उघडं राहू द्या."

बाहेर पडल्यावर पीळकाका म्हणाले, "बघ, कापडी वापरा म्हणाल्या."

मुलगी म्हणाली, "कोरडं ठेवा म्हणाल्या."



दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेल्यावर तिने शेजारणीला पैसे देऊन एक लहान पाकीट आणवलं. तेच, मधल्या फळीवरचं. मलम लावून, अंग कोरडं करून तिने बाळाला डायपर बांधला. बाळ झोपलं. झोपलं ते दुपार उलटली तरी उठेना, म्हणून घाबरून तिने नाकाशी बोट धरून पाहिलं. मग तीही झोपली. बाळ झाल्यापासून अशी सलग झोप तिला पहिल्यांदा लागली होती. बाबा यायच्या आधी तिने डायपर काढून लंगोट बांधला आणि पाकीट कपाटात आपल्या जुन्या शाळेच्या पुस्तकांमागे सरकवून दिलं. वापरलेला डायपर शेजारीण कागदात गुंडाळून घेऊन गेली.

असं काही दिवस चाललं. चट्टे उतरायला लागले. पीळकाकांनी लाँड्रीत सांगितलं, "इस्त्रीने काम केलं बरं का. ओल मेली की सगळं मेलं."

मला तेव्हा काही माहीत नव्हतं, मी मान डोलावली.

एक दिवस आमचा बॉयलर बंद पडला. वाफ नाही तर लाँड्री नाही. दुपारीच सगळ्यांना सोडलं. पीळकाका घरी गेले, किल्लीने दार उघडून आत आले. मुलगी आणि नात दोघी गाढ झोपलेल्या. नातीच्या अंगावर डायपर. उशाशी फोडलेलं पाकीट.

त्यांनी तिला उठवलं नाही. खुर्चीत बसून राहिले. मुलगी जागी झाली तेव्हा समोर बाबा बसलेले होते, चपलाही न काढता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"चट्टे आले तेव्हापासून."

"माझ्यापासून लपवून."

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

 मग ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनीच मला जसंच्या तसं सांगितलं, "तुझ्या आईने तुला एक दिवस असल्या प्लॅस्टिकात ठेवलं नाही. सगळं हाताने केलं तिने. आणि कधी तक्रार केली नाही."

मुलगी आवाज चढवून बोलणारी नव्हती. ती उठून बसली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "केली होती, बाबा."

"काय केलं होतं?"

"तक्रार. तुम्हाला केली नाही, मावशीला केली होती. तुम्ही घरी आलात की कपड्याला हात लावायचा नाहीत. दिवसभर तेच करून येतो म्हणायचात. माझे लंगोट, तुमचे कपडे, अंथरुणं, सगळं तिने धुतलं. हाताला भेगा पडल्या होत्या, साबण झोंबायचा. रबरी हातमोजे आणा म्हणाली, तर तुम्ही म्हणालात, तेल लाव, हातमोज्यांची काय चैन."

"असं मी म्हणालो?"

"मावशी खोटं कशाला सांगेल? आणि मला तिची बोटं आठवतात. वेणी घालताना माझ्या केसांत अडकायची ती, इतकी खरखरीत. मला वाटायचं सगळ्यांच्या आयांची बोटं अशीच असतात."

पीळकाका मला म्हणाले होते की त्या क्षणी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. नुसतं गप्प. पण माणूस कोंडीत सापडला की हाताला लागेल ते फेकून मारतो. ते उभे राहिले आणि म्हणाले, "ते दिवस वेगळे होते. आणि तुझं तू तुझ्या घरी काय हवं ते कर. माझ्या घरात हे चालणार नाही."

 बाळ उठलं होतं, तिने त्याला घेतलं.

त्यानंतर घरात भांडण असं झालंच नाही. तिने डायपर वापरले नाहीत, त्यांनी विषय काढला नाही. त्यांना वाटलं, मिटलं. पण तिने त्याच संध्याकाळी नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं, "एक खोली बघा. कसलीही चालेल." महिनाअखेर जावई आला. साइटजवळच्या गावात त्याने खोली घेतली होती. "किती दिवस तुम्हाला त्रास द्यायचा," असं म्हणाला बिचारा, शिकवल्यासारखं. पीळकाका म्हणाले, "त्रास कसला," आणि जावयासाठी चहा टाकायला उठले.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळी बाळोती धुऊन, इस्त्री करून, एका पिशवीत भरून कॉटवर ठेवली. बसस्टँडवर सामान त्यांनीच उचललं. बस लागली, मुलगी नमस्काराला वाकली, त्यांनी पाठीवर हात ठेवला. ते परत आले तेव्हा पिशवी कॉटवर होती तशीच होती.

"विसरली गडबडीत," त्यांनी मला सांगितलं. "कुरियरने पाठवू का?"

मी म्हटलं, "आधी विचारा."

त्यांनी फोन केला. मुलगी म्हणाली, "राहू द्या बाबा. इथे वाळत घालायला जागा नाही."

त्या दिवसापासून माणूस हळूहळू आतल्या आत मिटत गेला. काम तसंच चोख, पण बोलणं नाही. एकदा घड्या घालता घालता मध्येच म्हणाले, "ताई, तुम्ही तुमच्या मुलांना काय वापरलंत?"

"काय वापरणार? हाताला लागेल ते. जुनी साडी, जुना सदरा. गावाला जायचं असलं की दुकानातलं. थोरल्याच्या वेळी सासूबाई होत्या मदतीला, धाकट्याच्या वेळी मी एकटी. रडत रडत केलं."

"रडत?"

"अहो, सगळ्याच रडतात. मोरीत बसून रडायचं, नळ सोडला की ऐकू जात नाही."

ते चादर हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "ती रडायची का, मला माहीतच नाही." बायकोबद्दल बोलत होते की मुलीबद्दल, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

काही महिन्यांनी त्यांनी रजा घेतली. मुलीकडे जायचं ठरवलं. जायच्या आधी एकटेच त्या दुकानात गेले आणि फळीपाशी उभे राहिले. दुकानदारणीने ओळखलं. "या, कचऱ्यात पैसे टाकायला आलात?" ती हसत म्हणाली. ते हसले नाहीत.

"चांगल्यातलं द्या. वरचं."

"बाळ किती वजनाचं?"

ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवलं, "एवढं." ते माप आधीचं होतं, लेकीचे टाके ओले असताना घरात होतं त्या तान्ह्या बाळाचं. बाईने त्या मापाची पाकिटं काढली. त्यांनी त्यातलं मोठ्यात मोठं घेतलं.

खोली एकच होती. एका कोपऱ्यात शेगडी, एका कोपऱ्यात अंथरुणांची वळकटी. नात पालथी पडून पुढे सरकत होती. त्यांनी उचलून घेतलं तर तिने अनोळखी माणूस पाहून टाहो फोडला. मुलीने तिला घेतलं, चहा टाकला, घरची विचारपूस केली. मग पाकीट उघडलं.

"बाबा, हे जन्मलेल्या बाळाचं आहे. आता हिला होणार नाही."

"मोठं पाकीट आहे."

"पाकीट मोठं आहे, पण माप लहान आहे." ती हे अजिबात टोचून बोलली नाही. "असू द्या. पलीकडच्या खोलीत नुकतंच बाळ झालंय, त्यांना देते. त्यांना फार उपयोग होईल."

पीळकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. मोरीत बादली होती. त्यात बटणांचे कापडी डायपर भिजत होते, आणि फळीवर रात्रीसाठी तेच स्वस्तातलं पाकीट. दिवसा कापडी, रात्री दुकानातले. दुकानात ती म्हणाली होती ते अगदी तसंच तिने केलं होतं, आणि त्या एका खोलीत ते नीट चाललं होतं. बाळाच्या अंगावर एक डाग नव्हता.

"तोंडापर्यंत आलं होतं ताई," ते परत आल्यावर मला म्हणाले. "तुझं बरोबर होतं, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द."

"मग?"

"मग मी म्हणालो, एवढा वेळ भिजवू नकोस, कापड कुजतं."

"आणि ती?"

"हो बाबा, म्हणाली."

मी मशीन थांबवलं होतं, ते पुन्हा सुरू केलं.  माणूस आयुष्यभर ज्या गोष्टी सांगत आला, त्याच त्याच्या तोंडून निघतात. नवं वाक्य या वयात तोंडात बसत नाही.

पुढे ते निवृत्त झाले. मुलीला दुसरं बाळ झालं, या खेपेला मुलगा. यांना कळलं ते बाळ झाल्यावर, फोनवर. बाळंतपण तिच्या सासूने येऊन केलं होतं. यांनी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "उगाच तुमची धावपळ नको, म्हणून." हे म्हणाले, "काही लागलं तर सांग. काहीही." ती म्हणाली, "सगळं आहे, बाबा."

"रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं," ते मला म्हणाले. "रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. ती प्रेमाने म्हणाली."

मुलगी मला भेटली ती त्याच सुमारास, काही कागदपत्रांच्या कामाने आली होती तेव्हा. मी तिला म्हटलं, "बाबांना फार लागलंय गं." ती म्हणाली, "मला माहीत आहे, मावशी. मी रागावलेली नाहीये. त्यांनी मला एकट्याने वाढवलं, ते मी विसरेन का? पण ते घर म्हटलं ना, की मला ती झोप आठवते. डोळे उघडले आणि समोर बाबा. आपण चोर असल्यासारखं वाटलं मला, आपल्याच घरात. ते जात नाही." मग ती घाईघाईने पर्स उघडून मला मुलांचे फोटो दाखवायला लागली.

परवा भाजीबाजारात पीळकाका दिसले. थकलेत, पण कपडे तसेच कडक इस्त्रीचे. एकाच टोमॅटोला तीन तीनदा उलटं करून बघत होते. मी विचारलं, नातवंडं कशी आहेत. खिशातून मोबाईल काढून दाखवलं, थोरली आता शाळेत जाते, धाकटा पळतो.

"मग जाऊन राहा ना चार दिवस. आता काय, ना ड्यूटी ना काही."

"जातो की. वर्षातून दोनदा जातो. सकाळच्या बसने जातो, संध्याकाळच्या बसने येतो."

"पण बोलावते ना ती?"

"बोलावते. दर रविवारी फोन करते. या ना बाबा, म्हणते." त्यांनी टोमॅटो पिशवीत ठेवले, पिशवीचे बंद एकमेकांत अडकवले. "राहा, असं म्हणत नाही."

भाजीवाला सुटे पैसे देत होता. ते घ्यायला ते वळले, आणि मी माझ्या वाटेला लागले.